अंड्यातला पांढरा दोरा, लाल डाग आणि बाकीचे सारे

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न असा आहे. रविवारी सकाळी ऑम्लेटसाठी अंडी फोडली, तेव्हा एका अंड्यात पिवळ्या बलकाला चिकटलेला पांढरा, पीळ पडलेला दोरा दिसला आणि दुसऱ्यात बलकावर मसुराच्या दाण्याएवढा लाल डाग होता. सासूबाई म्हणाल्या, ‘यात पिल्लू धरलंय’, म्हणून दोन्ही अंडी टाकून दिली. आणि हे सगळे शेजारी उभी राहून पाहणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीने तेव्हापासून अंड्याला हात लावलेला नाही. ही अंडी खराब होती का आणि अंड्यात मुळात काय काय असते, असे त्यांनी विचारले आहे.

आधी थोडक्यात उत्तर देतो: दोन्ही अंडी खाण्याजोगी होती. तो पांढरा दोरा प्रत्येक अंड्यात असतो आणि तो ठसठशीत दिसणे हे अंडे ताजे असल्याचे लक्षण आहे. लाल डाग रक्ताचाच होता, पण ते रक्त पिल्लाचे नव्हते, कोंबडीचे होते. पिल्लू जिथून सुरू होऊ शकते ती जागा या दोहोंपेक्षा वेगळीच आहे, आणि ती तुमच्या वाटीतल्या प्रत्येक बलकावर होती. फक्त तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

पशुवैद्य म्हणून पुणे जिल्ह्यातील पोल्ट्र्यांवर माझी तीसेक वर्षे गेली आणि या काळात अंड्यातल्या दोऱ्याविषयीच्या जितक्या तक्रारी मी ऐकल्या, तितक्या कोंबड्यांच्या रोगांविषयीही क्वचितच ऐकल्या असतील. नोकरीच्या सुरुवातीला एका बेकरीवाल्याने ‘अंड्यांत अळ्या आहेत’ असे सांगून सात ट्रे परत पाठवले होते. मी त्याच्याच भट्टीशेजारच्या टेबलावर एका पांढऱ्या बशीत दहा अंडी एकामागून एक फोडून दाखवली. दहाही अंड्यांत त्या ‘अळ्या’ निघाल्या, तेव्हा कुठे त्याचा विश्वास बसला. हाच प्रयोग आपण घरी करावा, कारण वाटीत सगळे एकत्र होते आणि काहीच नीट दिसत नाही. पसरट पांढरी बशी घ्या आणि अंडे तिच्या अगदी जवळ आणून हलक्या हाताने फोडा.

बशीत सर्वांत बाहेर पाण्यासारखा पातळ पांढरा भाग पसरतो. त्याच्या आत जेलीसारखा घट्ट पांढरा भाग असतो, जो उंचवटा धरून राहतो, आणि त्यावर बलक गोल, फुगीर बसलेला असतो. आता बलकाच्या समोरासमोरच्या दोन बाजू पाहा. तिथे दुधट पांढऱ्या रंगाचे दोन पीळदार दोरे दिसतील. कधी एक आखडून गाठीसारखा झालेला असतो आणि दुसरा बोटाच्या अर्ध्या पेराएवढा लांब असतो. यांना कॅलाझा म्हणतात. हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ गार, म्हणजे आकाशातून पडते ती गार. आखडलेली पांढरी गाठ पाहिली की हे नाव का पडले ते लगेच कळते. हे दोरे पांढऱ्यातल्याच प्रथिनांच्या तंतूंचे बनलेले असतात, आणि त्यांचा पीळ एका टोकाला एका दिशेने, तर दुसऱ्या टोकाला उलट दिशेने असतो. अंडे कोंबडीच्या अंडनलिकेतून गोल फिरत पुढे सरकते, त्या फिरण्यातून हा पीळ पडतो. पाळणा दोन बाजूंच्या दोऱ्यांवर तोलला जावा तसा बलक या दोहोंच्या आधारावर अंड्याच्या मध्यभागी राहतो, कवचाला जाऊन चिकटत नाही, आणि तरीही स्वतःभोवती फिरू शकतो. हे फिरणे महत्त्वाचे आहे, पण त्याकडे मी पुढे येतो.

सासूबाईंच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ही चूक त्यांच्या एकट्यांची नाही. इटलीतल्या पाडुआ विद्यापीठात शरीररचना शिकवणाऱ्या फॅब्रिशियस या नामांकित प्राध्यापकांचेही मत हेच होते की पिल्लू कॅलाझापासून तयार होते; त्यांचे हे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ साली प्रसिद्ध झाले. ते खोडून काढले त्यांच्याच विद्यार्थ्याने, रक्ताभिसरणाच्या शोधामुळे आपल्याला शाळेपासून माहीत असलेल्या विल्यम हार्वे यांनी. पिल्लाची सुरुवात बलकावरच्या एका बारीक पांढऱ्या ठिपक्यापासून होते, दोऱ्याशी तिचा संबंध नाही, असे त्यांनी उबवणीखालची अंडी दिवसागणिक फोडून पाहून १६५१ साली मांडले. म्हणजे जी शंका आपल्या स्वयंपाकघरात निघाली, ती चारशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या विद्वानांनाही पडलेली होती.

तो ठिपका आता शोधा. बलकावर वरच्या बाजूला, साधारण दोन ते तीन मिलिमीटरचा, आजूबाजूच्या पिवळ्यापेक्षा फिकट असा एक डाग दिसतो. त्याला जर्मिनल डिस्क म्हणतात. आपल्याकडे दुकानातून येणाऱ्या अंड्यांत हा ठिपका कडांना अनियमित आणि मध्यभागी गच्च पांढरा असतो, कारण ते अंडे फळलेले नसते. लेयर, म्हणजे खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या, पोल्ट्रीच्या शेडमध्ये कोंबडा नसतोच. हॅचरीत पिल्ले एक दिवसाची असतानाच नर वेगळे काढले जातात आणि पोल्ट्रीवाल्याकडे फक्त माद्या येतात. कोंबडीला अंडे घालण्यासाठी कोंबड्याची गरज लागत नाही, हे सांगितले की आजही कित्येक सुशिक्षित माणसे माझ्याकडे अविश्वासाने पाहतात. फळलेल्या अंड्यात हाच ठिपका थोडा मोठा, गोल आणि कड्यासारखा दिसतो: मध्ये किंचित पारदर्शक भाग आणि त्याभोवती पांढरे वलय. अंडे बाहेर येईपर्यंत त्यात हजारो पेशी झालेल्या असतात. मात्र ऊब मिळाली नाही तर पुढची वाढ तिथेच थांबते. बलकाची ठिपक्याकडची बाजू बाकीच्या बलकापेक्षा हलकी असते, त्यामुळे अंडे कसेही ठेवले तरी बलक दोऱ्यांवर फिरतो आणि ठिपका वर येतो, म्हणजे खुडूक कोंबडीच्या पोटाच्या उबेजवळ. कॅलाझाने बलकाला धरून ठेवावे पण फिरूही द्यावे, ही व्यवस्था यासाठी आहे.

लाल डागाचा उलगडा होण्यासाठी कोंबडीच्या पोटात काय घडते ते पाहावे लागते. कोंबडीचे सहसा फक्त डावे अंडाशय काम करते. त्यात लहानमोठे बलक द्राक्षांच्या घडासारखे लटकलेले असतात आणि प्रत्येकाभोवती रक्तवाहिन्यांचे जाळे असलेली एक पिशवी असते, कारण बलकात साठणारे सर्व अन्न यकृतात तयार होऊन रक्तातूनच येते. शेवटच्या आठदहा दिवसांत बलक झपाट्याने वाढतो आणि त्याच्यावर थरावर थर चढतात. पूर्ण वाढ झाली की ही पिशवी एका फिकट पट्ट्यावर उकलते, जिथे रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, आणि बलक स्वच्छ बाहेर पडतो. कधी ती जराशी बाजूला फाटते किंवा एखादी बारीक वाहिनी तुटते, तेव्हा रक्ताचा एखादा थेंब बलकावर पडतो आणि पुढे त्याच्यावर पांढरा भाग आणि कवच चढते. आपल्या वाटीतला मसुराएवढा डाग तो हाच. खाद्यात जीवनसत्त्व अ कमी पडले किंवा शेडमध्ये काही घबराट झाली तर असे डाग वाढतात, आणि काही जातींत ते मुळातच जास्त आढळतात. तरीही शंभर अंड्यांत सहसा एकाहून कमीच निघतात. मोठ्या पोल्ट्र्यांत प्रखर उजेडावर अंडे धरून, म्हणजे कँडलिंग करून, अशी अंडी बाजूला काढतात. तपकिरी कवचातून आतले नीट दिसत नाही, म्हणून तपकिरी अंड्यांत हे डाग ग्राहकापर्यंत जास्त पोचतात. डाग नकोसा वाटला तर चमच्याने किंवा सुरीच्या टोकाने उचलून टाकावा. बाकीचे अंडे चांगले शिजवून खाण्यास काहीही हरकत नाही. कधी पांढऱ्यात तपकिरी, मांसाच्या बारीक कणासारखा तुकडा सापडतो. तो जुना झालेला रक्ताचा कण किंवा अंडनलिकेच्या अस्तराचा सुटलेला तुकडा असतो, आणि त्यालाही हाच न्याय लावावा.

बलक सुटला की पुढचा सगळा प्रवास साधारण पंचवीस तासांचा असतो. अंडनलिकेचे नरसाळ्यासारखे तोंड बलक झेलते; फळण्याची क्रिया व्हायची असेल तर ती इथेच, पंधरावीस मिनिटांत होते, कारण एकदा पांढरा भाग चढला की वाट बंद होते. त्यानंतरच्या लांब भागात तीनेक तासांत घट्ट पांढरा भाग बलकाभोवती गुंडाळला जातो. पुढे तासा-सव्वा तासात दोन पातळ पडदे चढतात, आणि शेवटी कवचाच्या पिशवीत अंडे तब्बल अठरा ते वीस तास मुक्काम करते. तिथे आधी पाणी शोषले जाऊन पांढरा भाग फुगतो, मग कवच बसते आणि तपकिरी अंडे असेल तर अगदी शेवटच्या काही तासांत रंग चढतो. अंडे घातल्यानंतर साधारण अर्ध्या ते सव्वा तासात पुढचा बलक सुटतो. हे चक्र चोवीस तासांहून थोडे मोठे असल्यामुळे कोंबडी रोज थोडी उशिरा अंडे घालते आणि मग एक दिवस खाडा करते. गावाकडच्या आज्यांना हा हिशेब घड्याळावाचून माहीत असतो. तलंगेच्या, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरुण कोंबडीच्या, शरीरात हे चक्र अजून बसलेले नसते, तेव्हा कधी दोन बलक एकदम सुटतात आणि दोन बलकांचे अंडे मिळते. त्यातही भिण्यासारखे काही नाही.

कवचाचे वजन पूर्ण अंड्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असते आणि ते जवळजवळ संपूर्ण कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्या जातीच्या द्रव्याचे असते. त्यातले कॅल्शियम खाद्यातून येते, आणि रात्री पोट रिकामे असताना कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढून देते. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या आसपासच्या शेडमध्ये कोंबड्या धापा टाकू लागल्या की त्यांच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, कवचासाठी लागणारे कार्बोनेट कमी पडते आणि कवच पातळ निघते. त्या दिवसांत ट्रेमध्ये फुटकी अंडी जास्त सापडतात त्याचे एक कारण हे आहे. कवच दिसते दगडासारखे, पण त्यावर सात हजारांपासून सतरा हजारांपर्यंत सूक्ष्म छिद्रे असतात आणि ती एका अतिशय पातळ नैसर्गिक लेपाने झाकलेली असतात. अंडी आणल्याबरोबर नळाखाली धुऊन ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. तिने हा लेप निघून जातो आणि ओलाव्याबरोबर जंतूंना आत जायला वाट मिळते. अंडे मळके असेल तर कोरड्या फडक्याने पुसून ठेवावे, आणि धुवायचेच असेल तर फोडण्याच्या आधी धुवावे. हात मात्र दरवेळी धुवावेत, कारण साल्मोनेला जंतू कवचावर असू शकतात.

कवच आणि पांढरा भाग यांच्यामध्ये जे दोन पडदे असतात, त्यांची ओळख उकडलेले अंडे सोलताना आपल्याला रोजच होते. कोंबडीच्या शरीराचे तापमान साधारण ४१ अंश असते; अंडे बाहेर येऊन थंड झाले की आतला द्रव आकसतो, रुंद टोकाकडे हे दोन पडदे एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये हवेची पोकळी तयार होते. उकडलेल्या अंड्याच्या रुंद टोकाला जो खोलगट भाग असतो, तो म्हणजे ही पोकळी. पिल्लू २१ दिवसांनी बाहेर येण्याआधी आपला पहिला श्वास याच पोकळीतली हवा घेऊन घेते. खाण्याच्या अंड्यात तिचा उपयोग वेगळा आहे: दिवस जातील तसे छिद्रांतून पाणी उडते, पोकळी मोठी होते आणि अंडे हलके होते. म्हणून पाण्याच्या भांड्यात ताजे अंडे तळाशी आडवे पडते, काही दिवसांचे रुंद टोक वर करून उभे राहते आणि फार जुने तरंगते. पण ही कसोटी वयाची आहे. तरंगणारे अंडे सडलेलेच असेल असे नाही, आणि बुडालेले चांगलेच असेल असेही नाही. शेवटचा निर्णय फोडून, वास घेऊनच करावा.

वयाबरोबर आत आणखी काय बदलते ते सांगितले, म्हणजे बशीतल्या अंड्याची परीक्षा आपल्याला स्वतः करता येईल. अगदी ताज्या अंड्याचा पांढरा भाग किंचित धुरकट दिसतो, कारण त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. तो छिद्रांतून निघून गेला की पांढरा भाग निवळतो, त्याचा अल्कली गुण वाढतो आणि घट्ट थर पातळ होत जातो. त्याबरोबर दोरेही सैल आणि अस्पष्ट होतात. म्हणजे ज्या अंड्यात आपल्याला दोरा दिसलाच नाही, ते बहुधा जास्त जुने होते; टाकायचेच होते तर ते तरी टाकायचे, असे मी बेकरीवाल्याला गंमतीने म्हणालो होतो. १९३७ मध्ये रेमंड हॉ या अमेरिकी तज्ज्ञाने घट्ट पांढऱ्या भागाची उंची मोजून ताजेपणाला आकडा देण्याची पद्धत बसवली आणि प्रयोगशाळांतून आजही हॉ युनिट याच नावाने ती वापरली जाते. आपल्या डोळ्यांना एवढे पुरे की बलक फुगीर आणि त्याच्या भोवतीची जेली उभी असेल तर अंडे ताजे, सगळे पाण्यासारखे पसरले तर जुने. पांढऱ्यात फिकट हिरवट-पिवळी झाक असेल तर ती रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची असते, तिला घाबरू नये.

बलकाच्या रंगावरून मात्र फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. हा रंग मका, हिरवा पाला, झेंडू अशा खाद्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यांमुळे येतो. गावरान कोंबडी उकिरड्यावर आणि बांधावर चरते म्हणून तिचा बलक गडद असतो. पोल्ट्रीतही खाद्य बदलून तो हवा तसा गडद करता येतो. कडक उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती येणारे हिरवट-करडे वलय पाहूनही अनेक जण अंडे टाकतात. जास्त वेळ उकळल्याने पांढऱ्यातल्या गंधकाची आणि बलकातल्या लोहाची गाठ पडून ते होते. वेळेवर आच बंद करून अंडी गार पाण्यात टाकली की वलय येत नाही. सुरीने अंडे बरोबर मधोमध कापले तर बलकाच्या केंद्रातला थोडा भाग फिकट आणि मऊ राहिलेला दिसतो. तोही कच्चा राहिलेला नसतो. बलकाच्या अगदी मध्यापासून जर्मिनल डिस्कपर्यंत फिकट बलकाची एक बारीक मान गेलेली असते आणि ती बाकीच्या बलकासारखी घट्ट होत नाही. आणि जाता जाता व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांसाठी: कच्च्या पांढऱ्यात अ‍ॅव्हिडिन नावाचे प्रथिन असते, जे बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवते आणि शरीराला मिळू देत नाही. शिजवल्यावर ही अडचण राहत नाही, शिवाय प्रथिने पचतातही जास्त. कच्ची अंडी पिण्यात शौर्य आहे, फायदा नाही.

टाकून द्यायचे अंडे कोणते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. फोडताच कुजका वास आला, पांढरा भाग गुलाबी किंवा चमकदार हिरवा झालेला असला, आत काळे डाग किंवा बुरशी असली, किंवा घरी आणतानाच कवचाला तडा जाऊन आतले पाझरू लागले असेल, तर विचार न करता टाकावे. पाचवा प्रकार आपल्या सासूबाईंच्या शंकेचा आहे आणि तो गावरान अंड्यांत खरोखर संभवतो. वेल्हे-मुळशीकडून पाहुण्यांनी आणलेली अंडी ज्या खुराड्यातली असतात, तिथे कोंबडा असतो आणि खुडूक कोंबडीने ती दोनतीन दिवस उबवलेलीही असू शकतात. अशा अंड्यात एकुलता लाल ठिपका दिसत नाही. बलकाच्या वरच्या बाजूला मध्यापासून चहूकडे फाकणाऱ्या लाल शिरांचे, कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळ दिसते. उन्हाळ्यात घरातल्या उष्णतेनेही फळलेल्या अंड्यात अशी अर्धवट वाढ सुरू होऊ शकते. म्हणून गावरान अंडी आणल्या दिवशीच फ्रिजमध्ये ठेवावीत आणि प्रत्येक अंडे वेगळ्या वाटीत फोडूनच मिश्रणात घालावे. माझ्या घरी दुकानातल्या अंड्यांनाही हाच नियम आहे.

मुलीसाठी एक सुचवतो. संध्याकाळी खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च सुरू करा आणि पांढऱ्या कवचाच्या अंड्याचे रुंद टोक त्यावर टेकवा. अंडे आतून केशरी उजळेल, त्याच रुंद टोकाला हवेच्या पोकळीची कड स्पष्ट दिसेल आणि अंडे हळूच फिरवले तर बलकाची सावली त्याबरोबर सरकताना दिसेल. तिला पोकळीच्या कडेवर पेन्सिलीने रेघ ओढू द्या, त्याखाली तारीख लिहू द्या आणि ते अंडे रुंद टोक वर करून फ्रिजच्या आत, दारात नको, ठेवून द्या. आठवड्याने पुन्हा टॉर्चवर धरले की पोकळीची कड रेघेपासून निमुळत्या टोकाकडे सरकलेली तिलाच सापडेल. मग ते अंडे उकडा. ताज्या अंड्याचा पांढरा भाग आतल्या पडद्याला घट्ट चिकटतो आणि सोलताना लचके निघतात, आठवडाभराच्या अंड्याचे टरफल मात्र तिच्या बोटांनीही सहज सुटेल.